टिटवीचं पान

चित्रं काढण्यात शाळेत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघितली तर जन्म जाईल. नगरमधली माझ्या वर्गातली मुलं फ्लॅटमध्ये वाढलेली. पेंग्विन ओळखतील, पण खिडकीतल्या साळुंकीला नुसतं 'पक्षी' म्हणतील. मला त्याचा राग यायचा, म्हणून मी आसपासच्या पाखरांचं चित्रांचं पुस्तक केलं. दर शनिवारी ते घेऊन आम्ही शाळेमागच्या मैदानात जायचो. आधी पान बघायचं, मग पाखरू शोधायचं.

एप्रिलमध्ये एक टिटवी डोक्यावर सारखी ओरडत फिरू लागली. माझ्या पुस्तकात तिचं पान होतं: कडुलिंबाच्या फांदीवर काड्यांचं घरटं आणि त्यात चार अंडी. मुलांनी एकूण एक झाड पालथं घातलं, घरटं काही सापडलं नाही. तेवढ्यात मैदानावर मुरूम टाकायला डंपर आला.

"टाकू का बाई?" ड्रायव्हरने विचारलं.

"टाका. इथे काही नाही."

शाळेतल्या मावशी मूळच्या जामखेडच्या. हातातला झाडू टाकून त्या धावत आल्या. "थांबा ओ! टिटवी कवा झाडावर बसती व्हय? भुईवर घालती ती अंडी." मुलांच्या हातातलं पान त्यांना दिसलं. "झाडावर कुनी काढली ही?"

सगळ्या वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मावशींनी मुलांची रांग केली आणि खाली बघत एकेक पाऊल टाकायला लावलं. डंपरच्या चाकापासून दहा पावलांवर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच चार अंडी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने भोवती मोठं रिंगण आखलं. ड्रायव्हरने मुरूम पलीकडे ओतला.

पिल्लं बाहेर पडून पळायला लागली तोवर मी ते पान नव्याने काढलं. जमीन, खडे, अंडी, प्रत्येक ठिपका जागच्या जागी. फारच झकास जमलं होतं. मुलांना दाखवण्याआधी मावशींपुढे धरलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "चांगलं हाय बाई. पर अंडी लगीच दिसत्यात."

"मग?"

"दिसली न्हाई पायजेत."

मी गुपचूप पुन्हा रंग कालवायला घेतला.