दोन अँटिनांचा राऊटर

टेंभुर्णीच्या आमच्या घरात इंटरनेट आलं तेव्हा मी आधी भिंतीची जाडी मोजली होती. आता सांगायला लाज वाटते. भिंत वाटणीची. अलीकडे मी, हायस्कूलचा मास्तर. पलीकडे माझा थोरला भाऊ आणि वहिनी. भिंत नेमकी कुठून घालायची यावरून हातभर जागेचा वाद झाला आणि त्या हातभर जागेपायी आम्ही सख्खे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

अगदीच बोललो नाही असंही नाही. विहीर सामाईक होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्याची पाळी संपली की माझ्या दारावरून जाताना तो बैलाला मोठ्यानं म्हणायचा, "चल रे, मोटर मोकळी झाली." माझ्याकडे बैल नव्हता, म्हणून मी मोटारसायकलीला सांगायचो, "येतो म्हणावं." आमच्याकडे अबोल्याची हीच रीत. गावातली निम्मी भांडणं जनावरांना तोंडपाठ असतात.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. फोनच्या तारेतून इंटरनेट मिळू लागलं होतं. पण वायर होती तिथंच बसावं लागायचं आणि मला लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसायची हौस. म्हणून राऊटर आणायला जालन्याला गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्यानं दोन डबे समोर ठेवले, एक दोन अँटिनांचा, एक बिनअँटिनाचा बारका.

"सर, दो अँटिनावाला लेके जाओ. पूरे घर में रेंज आएगी, पडोसी भी दुआ देंगे."

मला पडोसीची दुआ नको होती. भावाची लेक लग्न होऊन मस्कतला गेली होती. जावयानं तिचं आणि नातीचं तोंड बघायला भावाकडे एक जुना लॅपटॉप पाठवला होता, आणि ही बातमी भिंतीपलीकडून वहिनीनं गाईला ऐकवून माझ्यापर्यंत पोचवली होती. त्याच्या घरात फोन नव्हता, म्हणजे इंटरनेटही नाही. पुढचं मागणं मला तिथंच ऐकू आलं होतं.

"पासवर्ड टाकता येतो सर," दुकानदार म्हणाला. ते मलाही माहीत होतं. पण पासवर्ड टाकला की कुणीतरी तो मागणार, आणि मागितल्यावर नाही म्हणावं लागणार. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. दहावीपर्यंत माझा डबा तिनं बांधून दिला. तिला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. रेंजच पोचली नाही तर प्रश्नच मिटला, असा मी हिशेब केला आणि बारका डबा घेतला. घरी येऊन तो भिंतीपासून सगळ्यात लांबच्या खोलीत लावला. आमच्याच स्वयंपाकघरात रेंज येईना. बायको म्हणाली, "हे काय आणलंत?" मी म्हणालो, चांगल्या कंपनीचा आहे.

एका रविवारी माझी लाइन बंद पडली. शाळेची माहिती त्याच दिवशी पाठवायची होती, म्हणून मी जाफराबादच्या इंटरनेट कॅफेत गेलो. दारातच थबकलो. आत माझा भाऊ बसला होता. समोर तो जुना लॅपटॉप, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, हातात ज्वारीचं कणीस. ते कणीस तो पडद्यासमोर धरून फिरवत होता आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात नातीला सांगत होता, "हे पाय, आपल्या वावरातलं हाये. याचीच भाकर खाऊन राह्यलो आम्ही."

तो दर रविवारी काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येतो, हे कॅफेवाल्यानं मला नंतर सांगितलं. मी मात्र त्या दिवशी दारातूनच मागे फिरलो. माहिती गेली नाही, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. त्यापेक्षा जास्त मी स्वतःला शिव्या घातल्या.

त्याच आठवड्यात जालन्याला जाऊन दोन अँटिनांचा राऊटर आणला. वाटणीच्या भिंतीलाच खिळा ठोकून टांगला. पासवर्ड ठेवला नाही. पण सांगितलंही नाही. मला वाटलं, एखाद्या दिवशी तो घरात लॅपटॉप उघडेल आणि त्याला आपोआप कळेल. पण घरात इंटरनेट लागत नाही म्हणून तो लॅपटॉप घरी उघडतच नव्हता. रविवार आला की कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजायचा आणि त्याच्या चपलांचा आवाज माझ्या दारावरून जायचा. मोटारसायकलीला ऐकवून सांगितलं असतं तरी भागलं असतं. पाण्याची पाळी सांगायला मला कधी लाज वाटली नव्हती. हे सांगायला जीभ उचलली नाही. असं वर्ष गेलं.

पुढच्या पावसाळ्यात तो तापानं आजारी पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

तेराव्यानंतर वहिनी लॅपटॉप पदरात गुंडाळून आमच्याकडे आली. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, "भाऊजी, हे मला शिकवा. पोरगी तिकडं रडून राह्यली आन् मला एकटीला काई जाफराबादला जाणं व्हत न्हाई."

मी तो उघडला. दोन मिनिटांत भाची पडद्यावर आली. मायलेकी पोटभर रडल्या, नातीनं पायातले वाळे दाखवले. सगळं झाल्यावर वहिनीनं डोळे पुसले आणि विचारलं, "इथं घरातच दिसतं? हे भिंतीवरचं कधी आणलं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: "परवाच. तुमच्यासाठी."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "थोडं आधी सुचलं असतं तर ह्यांनीबी घरी बसून पाह्यलं असतं. पण तुम्हाला तरी काय माहीत बिचाऱ्याला."

वहिनी आता आमच्याकडेच जेवते. दारात कुणी आलं की कौतुकानं सांगते, माझ्या दिरानं मला लेकीचं तोंड दाखवायला मुद्दाम यंत्र आणलं. मी तिथंच बसलेला असतो.