काठाला लागलेला ठिपका

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून जमेल कदाचित — बघू.

दिंडोरीकडच्या धरणात मासेमारीच्या अकरा होड्या. पाण्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून आम्ही टेकडीवर अँटेना उभारला आणि प्रत्येक होडीत एक बिनतारी डबा बसवला. डबा सारखा आपली जागा कळवायचा, आणि काठावरच्या शेडमध्ये स्क्रीनवर त्या होडीचा हिरवा ठिपका सरकायचा. सगळं मी केलेलं. काय मिरवलो होतो म्हणून सांगू!

पण डबे मधूनच गप्प व्हायचे, ठिपका विझायचा. आणि दुसऱ्या दिवशी मत्स्यखात्याचे साहेब पाहणीला येणार — मग? मी प्रोग्राममध्ये चार ओळी घुसडल्या. डबा गप्प झाला, तरी ठिपका त्याच वेगानं, त्याच दिशेनं पुढं जात राहील. साहेब खूश. ओळी नंतर काढायच्या होत्या. राहिल्या — आळस, दुसरं काय?

श्रावणातली भरदुपार. एकाएकी वारा सुटला. दहा होड्या परतल्या, दगडूअण्णांची नाही. गडी शोधायला निघालेच होते. अण्णांची बायको, शांताबाई, शेडमध्ये आली. "भाऊ, आमचे मालक कुढं हायेत?"

स्क्रीनवर ठिपका काठाकडं येत होता. म्हणालो, "येतायत की, दहा मिनिटांत." गडी थांबले.

मला त्या चार ओळी आठवल्या नव्हत्या? आठवल्या होत्या हो! बोलता बोलताच आठवल्या. पण सगळ्यांसमोर सांगायचं कसं — म्हणून गप्प बसलो.

ठिपका काठाला लागला. बाई धावली. पाणी रिकामं. आणि ठिपका थांबेना — काठ चढून वर आला, शेडवरून गेला, पलीकडच्या द्राक्षबागेत शिरला.

मग गडी गेले. अण्णा उलटलेल्या होडीपाशी सापडले. अंग अजून गार पडलं नव्हतं म्हणे.

त्याच संध्याकाळी मी ओळी पुसल्या. डब्यात पाणी शिरलं, असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं.

शांताबाई दर अमावास्येला काठावर भाताचं ताट ठेवते. मालक जाता जाता घराकडं येऊन गेले, मशिनीत दिसलं, असं सांगते. मी भेटलो की हात धरून विचारते, "भाऊ, आल्ते ना ते? तुम्ही पाह्यलं ना?"

मी हो म्हणतो.