किती वेळ लागला?

प्रतिवेदकांच्या खोलीत सात टेबलं होती आणि एकच खिडकी. खिडकीजवळचं टेबल टाचणीचं. सभागृहात आणि समित्यांच्या बैठकांत जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, मग टंकून द्यायचं, हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. टाचणी हे नाव नर्सताईंनी ठेवलेलं. "बारीक, टोकदार, आणि एकही कागद सुटू देत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. ते नाव खोलीनं उचललं आणि खरं नाव हजेरीपटात राहिलं.

नर्सताई सभागृहाच्या सदस्य होत्या. मागच्या मंगळवारी समितीच्या बैठकीत बोलता बोलता कोसळल्या. गुरुवारी गेल्या. आज सोमवार होता आणि त्या बैठकीची वही टाचणीच्या टेबलावर उघडी पडली होती. चार पानं टंकून झाली होती. पाचवं राहिलं होतं.

ती पाचव्या पानाकडे बघत नव्हती. खिडकीकडेही बघत नव्हती. चहा आला तसा गार झाला.

नर्सताई एकोणीस वर्षं निवडून येत होत्या. त्याआधी सरकारी दवाखान्यात नर्स. मोठं भाषण असं त्यांनी क्वचितच केलं. अंदाजपत्रकावरच्या चर्चेत त्यांची पाळी शेवटी यायची, बाकं रिकामी झाल्यावर, तीन मिनिटं. त्यातलंही एक मिनिट चष्मा शोधण्यात जायचं. पण समितीच्या खोलीत त्या वेगळ्याच असत. समोर अधिकारी बसलेला असे, फायलींचा ढीग घेऊन. तो सांगे, काम लवकरात लवकर केलं. नर्सताई विचारत, "किती वेळ लागला?" तो सांगे, प्रक्रिया सुरू होती. "हो, पण किती वेळ लागला?" प्रश्न एवढाच. नळ असो, पेन्शन असो, पूल असो. भल्याभल्यांना घाम फुटायचा. एक अधिकारी तर बाहेर येऊन म्हणाला होता, "ही बाई मला स्वर्गाच्या दारातही हेच विचारेल."

रुग्णवाहिकांच्या नोंदवहीत दोन रकाने त्यांच्यामुळे आले. फोन कधी आला, गाडी कधी पोचली. दोन रकान्यांना सात वर्षं लागली. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत दाखवता येईल असं एवढंच. त्या स्वतःच हसून सांगायच्या, "लोक धरणं बांधतात, मी रेघा मारल्या."

त्यांना एक खोड होती. वाक्य पुरं करत नसत. अर्ध्यावर सोडून पुढच्या वाक्याची मान पकडायच्या. छापील कामकाजात अर्धी वाक्यं चालत नाहीत. ती नीट करणं हा प्रतिवेदकाच्या कारागिरीचा भाग. पहिल्या वर्षी नर्सताई मसुदा तपासायला स्वतः या खोलीत आल्या. सदस्य इथे येत नाहीत, मसुदा शिपायाकरवी जातो. त्या आल्या, खुर्ची ओढली, वाचलं.

"हे मी बोलले? एवढं सरळ?"

"अर्धं तुम्ही बोललात, ताई. उरलेलं मी घातलं."

"अगं टाचणे, म्हणजे लोक मला निवडून देतात आणि निम्मी तू जातेस की आत!"

त्यानंतर त्या दर वेळी येत राहिल्या. कधी लेकीला घेऊन. तेव्हा लेक शाळेत शिकत होती, आता रसायनशास्त्र शिकवत होती. टाचणीला ती मावशी म्हणायची.

मंगळवारी सुनावणी होती एका रुग्णालयाच्या लिफ्टची. अकरा महिने बंद. टाचणी नेहमीच्या जागी बसली होती, टेबलाच्या टोकाला. मनगटावरचं घड्याळ काढून वहीशेजारी ठेवलं होतं. समासात दर दोन मिनिटांनी वेळ टाकायची सवय तिला नर्सताईंमुळेच लागली होती. घड्याळ टेबलावर असलं की मान वर करावी लागत नाही. चांगला प्रतिवेदक चेहरे बघत नाही. चेहरे बघितले की शब्द सुटतात. हे तिला तिच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि तिनं ते जन्मभर पाळलं होतं.

नर्सताई म्हणाल्या, "रुग्णाला चौथ्या मजल्यावर न्यायला किती वेळ लागला, ते सांगा. लिफ्ट बंद, तर जिना. जिना किती... जिना उकळला का? तुम्ही चमचा... चमच्यानं मजला नेलात?"

खोलीत हशा झाला. त्यांच्या टोमण्यांची सगळ्यांना सवय होती. अधिकारीही खाली मान घालून हसला. टाचणीच्या हातानं लिहिलं, कंसात, हशा.

पण हाताला कळलं होतं. एकोणीस वर्षं तो हात त्यांची वाक्यं पुरी करत आला होता. अर्धं वाक्य आलं की उरलेलं त्याला आपोआप सुचायचं. या वाक्याचं उरलेलं कुठेच नव्हतं. हात दचकला, आणि लिहीत राहिला. आणखी सहा ओळी. शब्द येत होते तोवर तो उतरवत होता. मग शब्द थांबले, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा तिनं मान वर केली.

"तू काय डॉक्टर आहेस?" त्या रात्री तिनं हे सांगितल्यावर नवरा म्हणाला होता. "खोलीत बारा माणसं होती." तिनं ताट तसंच उचलून ठेवलं होतं.

आज दुपारी समितीचं कामकाज बघणारे अधिकारी आले. भला माणूस. आवाज कधी चढवत नसे.

"बाई, शेवटच्या त्या ओळी घेऊ नका. 'यानंतर सन्माननीय सदस्यांची प्रकृती अचानक बिघडली,' एवढं एक वाक्य टाका. शोकप्रस्तावाच्या वेळी त्यांच्या निवडक कामकाजाची पुस्तिका निघणार आहे. तीत हे बरं दिसतं का? हशा वगैरे?"

"झाला होता हशा."

"झाला होता हो. मीही हसलो." ते वहीवर वाकले. "आणि तुमच्यासाठीही सांगतोय. समासात वेळा आहेत तुमच्या. उद्या कुणी म्हणेल, लिहिणारीला कळलं नाही का, काय करत होती? कशाला अंगावर ओढून घेता?"

"बघते," टाचणी म्हणाली.

ते गेले. तिनं यंत्रावर कागद चढवला. वाक्य पुरं करणं तिला काही अवघड नव्हतं. 'रुग्णाला चौथ्या मजल्यावर नेण्यास किती वेळ लागला, याची माहिती समितीला देण्यात यावी.' झालं. कुणाला संशयही येणार नव्हता. तिच्या हातचं शॉर्टहँड तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं.

चारच्या सुमारास नर्सताईंची लेक आली. आईच्या इथल्या कपाटातल्या वस्तू न्यायला आली होती. हातात कापडी पिशवी, तिच्यातून चपलांची टोकं डोकावत होती. आईच्याच पद्धतीनं तिनं खुर्ची ओढली.

"मावशी, सगळे सांगतात, शेवटपर्यंत प्रश्न विचारत होती. कुठला प्रश्न, ते कुणालाच सांगता येत नाही. तू लिहिलं असशील ना?"

"लिहिलंय."

"वाच ना."

टाचणीनं वही पुढे ओढली. ती वाचू लागली. लिफ्ट, जिना, चौथा मजला. उकळला. चमचा. मजला. "कंसात, हशा," तिनं वाचलं. मग पुढच्या सहा ओळी. त्यांना अर्थ नव्हता. तिनं एकेक शब्द वेगळा वाचला, जसा आला होता तसा.

लेक पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची.

"किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

"थोडाच," असं म्हणता आलं असतं. त्या उत्तरावर नर्सताईंनी काय केलं असतं, हे टाचणीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"दोन मिनिटं. अकरा बेचाळीसला शब्द बिघडले. मी वर बघितलं तेव्हा अकरा चव्वेचाळीस."

"तुला कळलं होतं?"

"बेचाळीसलाच. मी लिहीत राहिले."

बाहेरच्या पॅसेजमधून कुणीतरी हातगाडी ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"डॉक्टरांना मी विचारलं होतं," लेक म्हणाली. "लवकर आणली असती तर? म्हणाले, सांगता येत नाही." तिनं नाक पुसलं. "आई असती तर सोडलं नसतं त्यांना या उत्तरावर."

टाचणीनं वही तिच्यापुढे सरकवली.

"छापणार का हे?"

"साहेब नको म्हणतात. तू नको म्हणालीस तर नाही."

लेकीनं वहीच्या त्या पानावर बोट ठेवलं. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त समासातले आकडे कळत होते. तिनं ते दोन्ही बघितले.

"आहे तसं टंक," ती म्हणाली. "हशासकट." मग उठली. दारात थांबली, मागे न वळता म्हणाली, "तुझ्यावर मी रागावले नाहीये, असं नाही, मावशी. येईन कधीतरी."

"ये," टाचणी म्हणाली.

तिनं टंकलं. 'मजला नेलात'पाशी बोटं सवयीनं पुढे गेली, वाक्य सावरायला. तिनं ती उचलून मांडीवर ठेवली, मग जसं होतं तसं लिहिलं. समासातल्या वेळा छापील कामकाजात घेत नाहीत. तिनं घेतल्या. ११.४२. ११.४४. पानाच्या तळाशी 'सदस्यांनी तपासले' अशी ओळ असते. तिच्यापुढची जागा कोरी सोडून तिनं कागद ट्रेमध्ये ठेवला. अधिकारी संध्याकाळी घेऊन गेले. वाचून ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रस्त्यांच्या समितीची बैठक होती. तिनं घड्याळ काढून वहीशेजारी ठेवलं. पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा मान वर केली. सभापती पाणी पीत होते. एक सदस्य कान खाजवत होता. कुणाला काहीच झालं नव्हतं. तेवढ्यात तिची दोन वाक्यं सुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिनं तिथे जागा सोडली आणि पुन्हा वर बघितलं.