चिंचेपासनं डावीकडं

आमच्या भागात शेताचा गट नंबर तलाठ्यापुरता. बोलताना वडाचं रान, विहिरीचं रान, चिंचेचं रान. मलकापूरच्या अलीकडं, आमच्या वस्तीकडं आत वळायच्या जागेला तर अख्खं गाव 'चिंच'च म्हणायचं. झाड रस्ता रुंद करताना केव्हाच तोडलं होतं. नाव राहिलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या दुपारी मी सासरहून, राजारामपुरीतनं, माहेरी गेले होते. आबा, म्हणजे माझे वडील, चिंचेच्या रानात बांधावर मटकन खाली बसले. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. चुलत्यांनी अँब्युलन्सला फोन लावला आणि सांगितलं, चिंचेपासनं डावीकडं वळा. आबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मलाही तो पत्ता बरोबरच वाटला.

सायरन ऐकू आला तसा जिवात जीव आला. आवाज जवळ आला, आणि तसाच पुढं रत्नागिरीच्या बाजूला निघून गेला. लगेच चुलत्यांचा फोन वाजला. ड्रायव्हर वैतागला होता. ज्याला विचारावं तो चिंचेचंच सांगतोय आणि चिंच तर कुठं दिसत नाही.

"चिंच न्हाय ओ आता तितं," चुलते म्हणाले. दुसरी खूण काय सांगायची? दोन्हीकडं सारखीच शेतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. नसलेल्या झाडापायी माझ्या बापाला घालवायचं काय? आबांच्या हाताची पकड ढिली पडत चालली होती.

आई उठली आणि पळत सुटली. गुडघ्यांमुळं एक जिना न चढणारी माझी आई. झाड होतं त्या जागी रस्त्यावर उभी राहून ती पदर हलवत राहिली. गाडी परत आली, तिला बघून आत वळली. डॉक्टरांनी नाडी बघितली, बराच वेळ छाती दाबली, आणि मग हात काढून घेतले.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? वर्ष व्हायच्या आत त्या वळणाला नवं नाव पडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याला फाडून खावंसं वाटलं. आईच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, असं मी आणि चुलत्यांनी ठरवून टाकलं.

परवा गॅसवाल्याचा फोन आला. माणूस नवा, वस्ती सापडेना. मी हात पुढं केला, पण आईनं फोन दिला नाही.

"म्हातारी हुबी ऱ्हायलेली जागा इचारा, पावणं," ती शांतपणे म्हणाली. "तितनं डावीकडं वळा. कुणीबी सांगंल."