कागदावरची दोन वर्षं

आमच्या घरात सगळे एक जुलैला जन्मले. बाबा, दोन्ही काका, आत्या. खरं तर कोणी दिवाळीतलं, कोणी भर उन्हाळ्यातलं. पण शाळा एक जुलैला उघडायची, मास्तर तीच तारीख टाकायचे आणि आजोबा शेजारी उभे राहून वयातून दोन वर्षं कमी करून घ्यायचे. नोकरीसाठी उज्जैनला आलेली माणसं आम्ही, ना शेत ना दुकान. पोराचं वय कागदावर कमी, म्हणजे निवृत्ती तेवढी लांब! या हुशारीचं घरात कोण कौतुक. लग्नकार्यात हा किस्सा निघाला की सगळे पोट धरून हसायचे. आता कोणी तो काढला की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

बाबा सरकारी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर पेन्शन होती, पण आजारपण ज्याचं त्याने निस्तरायचं. एकदा खासगी विम्याचा एजंट घरी आला. चिवडा खाल्ला, चहा प्यायला, आणि बाबांना डायबिटीस आहे कळल्यावर असा हप्ता सांगितला की बाबा म्हणाले, "एवढ्या पैशांत तर मी दरवर्षी एकदा मरून परत येईन."

मग त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसली होती. "इंदौर में ऑपरेशन करवा लो, देर मत करना," इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. माझी शाळेतली नोकरी खासगी, आई गेलेली, आणि विकण्याजोगं काय, तर आम्ही दोघं राहतो तो फ्लॅट.

त्याच सुमारास सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी सरकारी कार्ड निघालं. श्रीमंत असो, गरीब असो, सत्तर पूर्ण झाली की दवाखान्यातला इलाज मोफत. मी देवापुढे साखर ठेवली. बाबांची सत्तरीची शांत आम्ही नुकतीच क्षिप्रेच्या घाटावर केली होती, गुरुजींनी जन्मपत्रिका बघून दिवस काढला होता. सत्तर म्हणजे सत्तर, त्यात शंका कसली?

फ्रीगंजला कार्ड काढायच्या केंद्रावर अर्धा दिवस उभे राहिलो. काउंटरवरच्या मुलीने बाबांचं आधार बघितलं आणि परत सरकवलं. "मैडम, बाबूजी तो अभी सत्तर के हुए ही नहीं. अगले साल नहीं, उसके बाद वाली जुलाई में लाना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत पोराच्या हातून बेरीज चुकावी तसं तोंड झालं होतं त्यांचं.

बाहेर टपरीशी, आतलं बोलणं ऐकलेला एक दलाल चिकटला. तोंडात गुटखा, हात माझ्या खांद्याच्या इतका जवळ की मी एक पाऊल मागे सरकले. "टेंशन नहीं लेने का दीदी, दो साल अपन बढ़वा देंगे." शी! आजोबांनी जे फुकटात कमी केलं ते हा पैसे घेऊन वाढवणार होता. दोघांची जात एकच, असं तेव्हा वाटलं, आणि आजोबांबद्दल असं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

मग एका वकिलाला विचारलं, त्याने सरळ रस्ता सांगितला. खरं वय लिहून प्रतिज्ञापत्र करा, मग बघू. मी घरी येऊन सांगितलं तर बाबा भडकले.

"म्हणजे मी सही करून सांगू, की दोन वर्षं सरकारचा पगार खोट्या वयावर खाल्ला? उद्या पेन्शन थांबली तर?"

"मग फ्लॅट विकू या, बाबा."

"आणि तू राहशील कुठं? काही नको. दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. थांबू."

आणि खरंच थांबले हो! महागाई भत्त्याच्या थकबाकीसाठी थांबावं तसे निवांत. मी भांडले, रडले, एक दिवस फ्लॅटचं गिऱ्हाईकही घेऊन आले. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडून आले. पाय सुजत गेले, रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या झोप. दवाखान्याच्या भिंतीवर त्या कार्डाचं पोस्टर होतं, पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणारे आजी-आजोबा. येता-जाता त्यावर थुंकावंसं वाटायचं मला. सरकारचा राग होता, आजोबांचा होता, आणि सगळ्यात जास्त या घरातल्या त्या शहाणपणाचा, ज्याला आम्ही इतकी वर्षं टाळ्या दिल्या.

अखेर ती जुलै आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्ड हातात आल्यावर काउंटरवरच्या मुलीला पेढा दिला. दुसऱ्या दिवशी इंदूर.

तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. "दिल बहुत कमज़ोर हो चुका है. अब टेबल पर लेना ठीक नहीं. गोलियों पर रखते हैं. पहले क्यों नहीं लाए?"

बाहेर येऊन बाबांना म्हटलं, "सध्या गोळ्या घ्यायच्या आहेत, ऑपरेशनचं नंतर बघू म्हणालेत."

आता दर महिन्याला आम्ही औषधाच्या दुकानात जातो. बाबांना सोबत यायचंच असतं. गोळ्यांची पिशवी समोर आली की बाबा खिशातून कार्ड काढून पुढे करतात, आणि दुकानदार दर वेळी हात जोडतो. "बाबूजी, ये भर्ती होने पर चलता है. गोली पर नहीं."

मी पैसे देते. बाबा कार्ड रुमालाने पुसून परत खिशात ठेवतात.

परवा घरी येताना रिक्षात म्हणाले, "तू उगाच पैसे घालतेस. विचार ना गं डॉक्टरांना, कधी भरती करतायत. आता तर मी सत्तरचा आहे."