तेलमाकर कुठले?

कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यात, म्हणजे जिनात, काम केलेल्या माणसाच्या नाकात रुई आणि डोक्यात किस्से, दोन्ही साठत जातात. रुई शिंकेसरशी निघते, किस्से नाही निघत! पांढुर्ण्याच्या आमच्या जिनात मी हजेरीबाबू होतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे लागलो आणि राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हाही तिथंच होतो. त्या वर्षांतले निम्मे किस्से एकाच माणसाच्या आडनावाचे आहेत. आमच्या इंजिनमिस्त्रींच्या.

*

माझा पहिला दिवस. रजिस्टर नवं, दौत नवी.

"नाव?"

"ओटो स्टेलमाखर."

डोळे निळसर, बाकी मिशी, धोतर, टोपी सगळं आपल्यासारखं. बोलणं तर अस्सल वऱ्हाडी! मी दोनदा विचारलं, दोनदा तेच ऐकलं, आणि लिहिलं, 'तेलमाकर'.

त्यांनी वाकून वाचलं. "राहू द्या बाबू. खोडाखोड कायले करता?"

दुपारी चौकीदारानं मिस्त्रींना गाठलं. "तेलमाकर म्हंजे तेलम गावचे. हे तेलम कुठं आलं मिस्त्री? मोहगावकडं का नरखेडकडं?"

"लई लांब हाय भाऊ. आज्यानं सोडलं, मंग कोनी गेलंच नाई."

चौकीदार हळहळला. "वावर तरी ठेवाचं होतं गावात एखादं!"

*

आजा जर्मन होता. इकडच्या जिनांमध्ये इंजिनं बसवायला आला, तापानं पडला, एका इथल्याच बाईनं वाचवला, तिच्याशी लग्न करून राहिला. मिस्त्रींना एवढंच ठाऊक. आडनावाचा अर्थ काही ठाऊक नव्हता.

तो छिंदवाड्याच्या एका म्हाताऱ्या पाद्र्यानं सांगितला. स्टेल म्हणजे सांगाडा, माखर म्हणजे करणारा. गाडीचा सांगाडा आणि चाकं करणारा सुतार! जर्मनीच्या पूर्वेकडच्या मुलखात असं म्हणत. दुसरीकडं त्याच कामाचे लोक वागनर म्हणवतात. "वागनर पैशाला पासरी," पाद्री म्हणाला, "स्टेलमाखर मात्र थोडे."

मिस्त्रींनी हे जिनात सांगितलं आणि आमचा सुतार रामाजी हातातला रंधा ठेवून उठला. "म्हंजे तुमी आमच्यातलेच! अन् मी दोन वर्सं तुमच्यासंगं भांडून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भांडला. मी म्हटलं, "रामाजी, हे काय?"

"आता तं घरचेच झाले बाबू. आता काहून सोडू!"

*

मग हसणं बंद करणारे दिवस आले. परदेशी माणसांची नोंद सुरू होती, आणि कुणीतरी निनावी अर्ज केला की जिनात एक जर्मन लपून बसला आहे. फौजदार दोन शिपाई घेऊन फाटकात उभा! हातातल्या कागदावर नाव होतं, 'स्टेलमाखर'.

"या नावाचा माणूस दाखवा."

मी रजिस्टर पुढं केलं. त्यात तेलमाकर होता, स्टेलमाखर नव्हता. माझ्या चुकीनं माणूस झाकला गेला होता! मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगत नव्हतो. रुई काढणारे रेचे धडधडत होते आणि त्यांच्यावरच्या बाया हात आवरून उभ्या होत्या.

"जर्मन कोण आहे इथं?" फौजदार ओरडला. "शेवटचं विचारतो!"

तेवढ्यात अंजनाबाई, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, शिदोरीचं ॲल्युमिनियमचं भांडं घेऊन पुढं आली. त्याला आमच्याकडं जर्मनचं भांडंच म्हणतात.

"हे घ्या सायेब. जर्मन म्हनान तं येवढंच हाय."

एक शिपाई फिस्सकन हसला. फौजदार नाही हसला. त्यानं भांडं हातानं बाजूला सारलं, आणि इंजिनघरातून मिस्त्री हात पुसत बाहेर आले.

"बुढीले कायले तरास देता? मीच स्टेलमाखर. बाप इथं जन्मला, मीबी इथंच. कुठं चालाचं?"

चार दिवस त्यांची छिंदवाड्यात चौकशी चालली. चार दिवस त्यांच्या घरी चूल पेटली नाही. शेजारणी डबा ठेवायच्या आणि तसाच भरलेला उचलून न्यायच्या. पाचव्या दिवशी मिस्त्री परतले. चर्चच्या वहीत बापाच्या जन्माची नोंद सापडली होती, आज्याच्या गावाच्या नावासकट.

"सायबानं शेवटी इचारलं, जर्मन बोलता येते का?"

"मग?"

"म्हनलं, येते ना. एकच शब्द येते. स्टेलमाखर!"

*

त्यानंतर मात्र माणूस बेचैन झाला. पाद्र्याकडून आज्याच्या गावी पत्र लिहवून घेतलं, आमच्या आडनावाचं कोणी आहे का? वर्ष गेलं. उत्तर आलं तेव्हा पाकीट दोन दिवस खिशातच ठेवलं, फोडायची छाती होईना. शेवटी पाद्र्यानं वाचून दाखवलं.

गावात त्या नावाचं एकही घर उरलं नव्हतं. लढाईनंतर सगळ्या जर्मनांना गाव सोडावं लागलं. आणि ते गाव आता जर्मनीतही नव्हतं, पोलंडात होतं.

मिस्त्रींच्या बायकोनं, शांताबाईंनी विचारलं, "गाव कोनी उचलून नेलं का?"

"गाव जागीच हाय. मुलूख सरकला."

शांताबाईंनी हातातलं निवडणं खाली ठेवलं. "म्हंजे या नावाचे आता तुमी, मी अन् आपली पोरगी? बस?"

मिस्त्रींनी मान हलवली. पाकिटावरचं तिकीट तेवढं पोरीनं काढून घेतलं.

*

पुढं मुलूख आमचाही सरकला. इतके दिवस आमची राजधानी नागपूर. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि सौसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळ! जिनात निम्मे लोक नरखेड-वरुडचे, निम्मे इकडचे. एकाची बहीण तिकडं, दुसऱ्याची सासुरवाडी इकडं.

एका सकाळी कुणीतरी म्हणालं, "तुमी तं आता परराज्यातले! तुमाले इथं काम कायले पायजे?" शिवी गेली, शिवी आली. रामाजीच्या भाच्यानं पहार उचलली. आणि हे सगळं चालत्या पट्ट्यापाशी! एखाद्याचा तोल गेला असता तर हात खांद्यापासून गेला असता. मी ओरडलो, पण इंजिनापुढं माझा आवाज कुणाला ऐकू येणार?

मिस्त्रींनी वाफ तोडली. पट्टा फडफडत थांबला.

"पहार इकडं दे."

भाच्यानं दिली.

"कोन कोन परराज्यातला हाय? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मिस्त्रींनी आपला केला. "मी एकटाच ना? मंग मले मारा, अन् कामाले लागा."

*

कौसल्या रेच्यावर होती. नवरा सोडून गेला. जाताना बजावून गेला, पोरगी माझी नाही, माझं नाव लावशील तर येऊन घर पेटवीन. पोरगी सहा वर्षांची झाली तशी कौसल्या तिला शाळेत घेऊन गेली.

"बापाचं आडनाव?" मास्तरांनी विचारलं.

कौसल्येनं पोरीला जवळ ओढलं.

"बाई, रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"तेलमाकर लिवा."

संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा! कुणी निळ्या डोळ्यांची चर्चा केली, कुणी त्या पोरीचे डोळे बघून आलं. काळेभोर होते, तरी बोलणारे बोलतच राहिले. मी कौसल्येला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे काय करून बसलीस?"

ती रडली नाही. "दुसऱ्या कोनाचं लावलं असतं तं त्याची भावकी अंगावर आली असती, बाबू. मिस्त्रीले भावकीच नाई."

मिस्त्रींना तिनं विचारलंही नव्हतं. तीन दिवस ते जिनात कुणाशी बोलले नाहीत, आणि घरी शांताबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मास्तरांनी मिस्त्रींना बोलावलं. नाव ठेवायचं तर येऊन सही करा, नाहीतर खोडतो. निम्मं जिन शाळेच्या फाटकाशी जमलं. मास्तरांनी टाक उचलून धरला होता. मिस्त्री टोपी हातात घेऊन पुढं उभे होते.

तेवढ्यात शांताबाई आल्या. गर्दी आपोआप फाकली. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही, सरळ पोरीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. कौसल्या भिंतीला टेकली.

"नाव काय वं तुहं?"

"सुमन."

"पुरं सांग."

पोरीनं आईकडं बघितलं, मग खाली. "सुमन तेलमाकर."

शांताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मास्तरांकडं वळल्या.

"सही कुठं कराची?"