कढईसारखं वळण

चंद्रहास टिपणीसनं जन्मभर सरळ रस्ते बांधले. पुण्यातून सिव्हिलची डिग्री घेऊन तो अबुधाबीला आला आणि एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डांबराच्या वाफा खात त्याचे केस पिकले. वाळवंटातला रस्ता म्हणजे काय, पट्टी ठेवून ओढलेली रेघ! त्यामुळे सत्त्याण्णव साली कंपनीच्या मालकानं, ज्याला साइटवर सगळे अरबाब म्हणत, शहराबाहेर जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शर्यतीसाठी लंबगोल ट्रॅक बांधायचं मनावर घेतलं आणि ते काम चंद्रहासच्या गळ्यात मारलं, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

खूश झाली ती त्याची बायको विद्युल्लता. ह्या बाईला शर्यतींचं वेड कुठून लागलं देव जाणे. दर महिन्याला शारजाला रोल्लाच्या बाजारात खरेदीला गेली की साड्यांची दुकानं सोडून व्हिडिओवाल्याकडे जायची आणि अमेरिकेतल्या शर्यतींच्या कॅसेट उचलून आणायची. शेजारणी हसायच्या, हिनं कधी मनावर घेतलं नाही.

"अहो, नुसता उतार देऊन भागत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "काही ट्रॅकवर गाड्या खेळतात, काहींवर नुसत्या मिरवतात."

"म्हणजे?"

तिनं त्याला स्वयंपाकघरात नेलं. परातीत मूठभर कोरडे वाटाणे टाकून परात गरगर फिरवली. वाटाणे काठाला एकाच रेषेत एकामागे एक पळायला लागले. मग तेच वाटाणे कढईत घातले. कढईचा उतार वर जाईल तसा उभा होत जातो, त्यामुळे जोरातला वाटाणा वर चढायचा आणि खालच्याला बाहेरून ओलांडून पुढे जायचा.

चंद्रहास बघतच राहिला. उतार सगळीकडे सारखा असला तर जो तो आतल्या जवळच्या वाटेनं जाणार, मागचा कितीही जोरात असला तरी मागेच कुजणार. वरची पट्टी जास्त उभी केली, तर लांबचा फेरा घेणाऱ्यालाही वेग मिळणार आणि दोघं बरोबरीनं वळणार. इतकी साधी गोष्ट! त्यानं रात्री नकाशा काढला आणि कोपऱ्यात कढईचं चित्र काढून तिला दाखवला. ती लाजली चक्क.

"मी पहिल्याच शर्यतीला येणार," ती म्हणाली. "वरून एक तरी गाडी पुढे गेलेली मला बघायचीय."

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या छातीत गाठ सापडली. ती उपचारांसाठी मुंबईला बहिणीकडे गेली आणि नवरा इकडे एकटा उरला.

आता गल्फमधल्या आपल्या लोकांचा एक अलिखित नियम असतो. फोनवर वाईट बातमी द्यायची नाही. समुद्राच्या पलीकडचं माणूस करणार काय, उगाच जिवाला घोर. शुक्रवारी फोन स्वस्त, तेव्हा रांगेत उभं राहायचं आणि 'सगळं छान आहे' म्हणायचं. ह्या एका वाक्यानं किती घरं सावरली आणि किती बुडाली, कुणी मोजलेलं नाही.

ऑगस्टमध्ये अरबाब साइटवर आला. वरच्या पट्टीसाठी जादा भराव घालायचा, डांबर वेगवेगळ्या उतारानं टप्प्याटप्प्यानं टाकायचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीवर आणखी दोन महिने. त्याला तर डिसेंबरात नॅशनल डेला शर्यत हवी होती.

"सगळं एकसारखं कर. यल्ला, खलास." म्हणजे चल, विषय संपला.

चंद्रहासनं नकाशा पुढे केला. अरबाबनं तो उघडलासुद्धा नाही. "जमत नसेल तर सांग, दुसरा इंजिनिअर आणतो."

चंद्रहास भांडला असता हो. पण नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि विद्युल्लताचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर. मग ती बरी होऊन येणार कुठे? त्यानं मान खाली घातली. डांबर पसरायचं मशीन एकाच उतारावर लावलं आणि दोन्ही वळणं परातीसारखी करून टाकली.

त्या शुक्रवारी तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "वळण कुठवर आलं?"

"मस्त चाललंय. वरची पट्टी भरतोय. तुझे रिपोर्ट?"

"छान आहेत. डॉक्टर खूश आहेत."

मग दर शुक्रवारी तेच. त्यानं फोनवर वळण थोडं थोडं उभं करत नेलं आणि तिनं ते मनात बघितलं.

डिसेंबरात ती आली. डोक्याला स्कार्फ, अंगावरची साडी सैल झालेली. त्यानं तिला स्टँडमध्ये सगळ्यात वर बसवलं. खाली शारजाच्या गॅरेजवाल्या खैरुद्दीनची पांढरी गाडी होती, इंजिन सगळ्यांत तगडं. सुटताना उभं राहायचा नंबर मात्र शेवटचा मिळालेला.

शर्यत सुटली आणि दोन फेऱ्यांत सगळ्या गाड्या रांगेला लागल्या. खैरुद्दीन सरळ पट्टीवर पुढच्याला गाठायचा, वळणावर वरून काढायला जायचा आणि वेग हरवून मागे पडायचा. पुन्हा गाठायचा, पुन्हा पडायचा. लोक आधी ओरडले, मग गप्प झाले, मग शोर्मा आणायला उठले. विद्युल्लता जागची हलली नाही.

"त्याला वर जागाच नाहीये," ती हळूच म्हणाली.

परतताना गाडी हायवेला लागल्यावर ती म्हणाली,

"कढई नाही केलीत."

"नाही."

"कधी ठरलं?"

"ऑगस्टमध्ये. तू तिकडे होतीस. तुला फोनवर काय सांगायचं?" तो म्हणाला. "नोकरी गेली असती गं. तू बरी होऊन येणार म्हणून मी..."

ती खिडकीबाहेर बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझे रिपोर्टही छान नव्हते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच हात टेकले."

त्यानं गाडी कडेला घेतली. मागून येणारे ट्रक हॉर्न मारत गेले.

"मला का नाही सांगितलंस? मी त्याच दिवशी निघून आलो असतो."

"म्हणूनच," विद्युल्लता म्हणाली. "आला असतात, तर वळण कुणी केलं असतं?"

ती मार्चमध्ये गेली. पुढच्या हंगामात तर ट्रॅकवर माणूस फिरकेना. मग वाळूनं आतली बाजू व्यापायला सुरुवात केली. चंद्रहास एका शुक्रवारी तिथे गेला. गाडी वळणाच्या अगदी वरच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंग घट्ट धरून ती तिथेच ठेवायचा प्रयत्न केला. गाडी सरकत सरकत खालच्या वाटेला आली. त्यानं इंजिन बंद केलं आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून, फोनवर सांगायचं होतं ते सांगितलं.

"विद्या, नाही जमलं गं. तू कशी आहेस, खरं सांग."